उतरवलेला हत्ती

मुकुंदराव सोलापूरच्या जकात नाक्यावर कारकून होते आणि बुद्धिबळात कच्चे होते. पहिल्या गोष्टीचं त्यांना कधी काही वाटलं नाही. दुसरीचं फार वाटायचं.

कच्चे किती, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं, कारण ते डोळ्यांना दिसायचं. दर रविवारी दुपारी वीरभद्रप्पा आण्णांच्या कापडदुकानाच्या माडीवर पट मांडला जायचा. आण्णा सगळे मोहरे जागच्या जागी लावायचे, आणि लावून झाले की आपल्या उजव्या हाताचा हत्ती उचलून मागच्या फळीवरच्या कापडाच्या ताग्यावर नेऊन ठेवायचे. मुकुंदरावांशी खेळायचं ते एक हत्ती उतरवून, असा रिवाजच पडून गेला होता. आण्णांच्या मनात अपमान नव्हता. लहान मुलाला पंगतीत बसवताना पाटाखाली दुसरा पाट सरकवावा, तसं ते करायचे.

पण अकरा वर्षं तो हत्ती ताग्यावर बसून वरून डाव बघत आला होता. मुकुंदरावांना पटावरच्या पंधरा मोहऱ्यांपेक्षा त्या सोळाव्याचीच धास्ती जास्त.

"हरण्याचं काही नाही," ते घरी येऊन म्हणायचे. "पण एकदा तो हत्ती पटावर राहिला पाहिजे. आण्णांनी आपण होऊन ठेवला पाहिजे. मग हरलो तरी चालेल."

"हत्ती नसताना हरता, मग असताना हरायला कितीसा वेळ लागणार," त्यांची बायको प्रेमलाबाई भाकरी थापता थापता म्हणायची. तिला बुद्धिबळातलं तेव्हा काही कळत नव्हतं, पण नवऱ्यातलं कळत होतं.

मुकुंदरावांची खोड एकच होती. त्यांना शह दिल्यावाचून राहवायचं नाही. समोरचा राजा नजरेच्या टप्प्यात आला की हात शिवशिवायचा, आणि मोहरा पटावर आपटून ते असा शह द्यायचे की खाली दुकानात गिऱ्हाईक दचकावं. या खोडीला कारणही होतं. आपल्या देशी डावात राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते, मात्र तोवर त्याला शह बसलेला नसला पाहिजे. शह बसला की उडी मोडली. म्हणून सुरुवातीलाच एखादा शह देऊन ठेवणं शहाणपणाचं. पण मुकुंदराव पहिल्या शहावर थांबत नसत. माडीवर बघ्यांचं कोंडाळं असायचं, त्यात घोंगड्यांचा व्यापारी धुळाप्पा सगळ्यांत पुढे. तो स्वतः कधी खेळायचा नाही, नुसता मांडी थोपटायचा. "दिला, राव, शह दिला. लई झ्याक," असं तो म्हणाला की मुकुंदरावांना आणखी एक द्यावासा वाटायचा. आण्णांचा राजा एकेक पाऊल सरकत सरकत चांगल्या जागी जाऊन बसायचा. मुकुंदरावांचे मोहरे मात्र पांगलेले असायचे, जत्रेतून परतताना चुकामूक झालेल्या बायकांसारखे.

सन तीसच्या मार्शल लॉच्या दिवसांत माणसांनी जमायला बंदी आली, तेव्हा माडीवर हे दोघेच खेळत. त्या दिवसांत मुकुंदराव खरोखर बरे खेळले होते. पण ते बघायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांच्या स्वतःच्याही ते ध्यानात आलं नाही.

पुढे चार वर्षांनी, गणपती उठल्यावर, वाचनालयाच्या फळ्यावर लागलं की संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास बुद्धिबळाचे सामने होणार. पुण्याहून पंच येणार. आणि खेळ होणार तो विलायती नियमांनी.

माडीवर त्या रविवारी मोहऱ्यांना कोणी हात लावला नाही. नुसती चर्चा.

"प्यादं म्हणे पयल्यांदा दोन घरं चालतं," धुळाप्पा म्हणाला. "जन्मल्या जन्मल्या पळायला लागलं म्हणा की."

"आणि राजाला उडी न्हाय," आण्णा म्हणाले. ते अक्कलकोटाकडचे, बोलण्यात कानडीचा हेल. "त्याच्या बदली राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याला वलांडून पलीकडं जातो. याक? का म्हून? त्या राजाला पाय न्हाईत?"

मुकुंदरावांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. नियम नवे, म्हणजे सगळेच पहिल्या यत्तेत. आण्णासुद्धा. आणि सामन्यात कोणाला हत्ती उतरवून खेळता येत नाही. तिथे आण्णांशी बरोबरीनं बसायचं आणि त्यांना दाखवायचं. मग रविवारी तो हत्ती कसा ताग्यावर जातो, बघू.

त्यांनी वाचनालयातून विलायती बुद्धिबळाचं पुस्तक आणलं. संध्याकाळी नाक्यावरून आले की हातपाय धुऊन पट मांडायचा. घरच्या पटावर एक उंट हरवलेला होता, त्याच्या जागी सुपारी. समोर खेळायला कोणी हवं, म्हणून प्रेमलाबाईला बसवलं. ती पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि एकीकडे शेंगदाणे सोलायची. अक्षरओळख तिला भावाच्या पाटीवरून झालेली, बाकी सगळं तिनं पुड्यांच्या कागदांवरून वाचत वाढवलेलं. त्यामुळे छापलेलं ते खरंच असलं पाहिजे असा तिचा समज होता, आणि पुस्तकाबाहेर ती एक घर हलायची नाही.

"अहो, प्यादं मारताना तिरकं जातं."

"ते देशीतही तसंच आहे."

"मला देशीतलं सांगू नका. डोक्यात दोन्ही गेलं तर आमटीत साखर आणि चहात मीठ पडेल."

दिवाळीपर्यंत मुकुंदरावांना नियम तोंडपाठ झाले, आणि तरीही ते हरतच होते. माडीवर आता सरावासाठी विलायती डाव सुरू झाले होते. पण माडीवरचा रिवाज तो रिवाज. आण्णांचा हत्ती तिथंही ताग्यावरच. एका रविवारी तर मुकुंदरावांनी सात का आठ शह दिले, धुळाप्पानं मांडी लाल केली, आणि शेवटी मात मुकुंदरावांच्याच राजावर झाली. बघे उठून गेले. आण्णा मोहरे डब्यात भरत होते. भरता भरता म्हणाले,

"मुकुंदराव, एक सांगू? राग न्हाय ना?"

"सांगा की."

"तुमी शह राजाला देत न्हाय. धुळाप्पाला देता."

मुकुंदराव हसले. पण घरी येईपर्यंत ते हसू पुरलं नाही. जेवताना त्यांनी ते वाक्य बायकोला सांगितलं. ती खोटं सांत्वन करेल अशी आशा होती.

"मग?" ती म्हणाली. "खोटं आहे का?"

तेव्हापासून घरी नवीन नियम सुरू झाला, पुस्तकात नसलेला. मुकुंदरावांनी शह दिला की प्रेमलाबाई विचारायची, "कशाला?" एवढंच. सांगता आलं तर शह राहायचा, नाही तर मोहरा परत. पहिले काही दिवस मुकुंदराव फार चिडले. कशाला म्हणजे काय, शह तो शह. पण हळूहळू असं होऊ लागलं की तिनं विचारायच्या आधीच हात अर्ध्यावर थांबायचा आणि मागं यायचा. शह देता येत असताना न देणं म्हणजे शिंक दाबण्यासारखं वाटायचं. मग ते घोडा जरा बऱ्या घरी न्यायचे, किंवा प्यादं एक घर पुढे सारायचे. अशा खेळीला मांडी कोण थोपटणार? पण तीन-चार खेळ्यांनी पाहावं तर पट त्यांचं ऐकत असायचा. नाक्यावर बैलगाड्यांची रांग लागलेली असताना ते मध्येच स्वतःशी "कशाला" असं पुटपुटायचे, आणि वळसंगचा गाडीवान म्हणायचा, "जकात तुमी मागता आन् कशाला बी तुमीच इचारता व्हय?"

सामने वाचनालयाच्या हॉलमध्ये होते. जाजम घातलेलं, मध्ये दोरी, दोरीपलीकडे बघे. पुण्याचे पंच उंच, बारीक, पायांत न वाजणाऱ्या चपला. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की कोणी बोलायचं नाही, खाकरायचं नाही, मांडी थोपटायची नाही. धुळाप्पाचे हात मांडीवरून उचलले गेले ते कुठं ठेवावेत त्याला कळेना. आणि हात लावलेला मोहरा हलवलाच पाहिजे, हेही पंचांनी दोनदा सांगितलं.

मुकुंदरावांनी टेंभुर्णीच्या एका वकिलांना हरवलं, पंढरपूरच्या एकांशी हरले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आण्णांच्या समोर बसले. आण्णांचे दोन्ही हत्ती जागेवर होते. मुकुंदरावांनी ते इतक्या वेळा पाहिले की आण्णांनी विचारलं, "मोजून झालं?"

डाव लांबला. मुकुंदरावांनी आपले हत्ती लवकर बाहेर काढले होते, त्यामुळे राजा-हत्तीची विलायती अदलाबदल आता होणार नव्हती, आणि राजा मधोमध उघडा उभा होता. आण्णांचे मोहरे चहूबाजूंनी जवळ येत होते. मुकुंदरावांच्या कपाळावर जानेवारीत घाम आला. मग त्यांना एकदम पटावर एक घर दिसलं. त्यांनी राजा उचलला आणि कोपऱ्याकडे, प्याद्यांच्या आडोशाला नेऊन ठेवला. दोरीपलीकडे धुळाप्पानं मान डोलावली. त्याच्या मागच्या दोघांनीही डोलावली. आण्णांनी मिशीवरून हात फिरवला, हुं म्हणाले, आणि चढाई तशीच रेटली. राजा हातचा गेल्यावर ती चढाई पोकळ होती. त्या नादात त्यांचा वजीर अडकला. तासाभरानं आण्णांनी आपला राजा आडवा केला आणि हात जोडले.

"छलो खेळलात," ते म्हणाले. छलो म्हणजे चांगलं. आण्णा हा शब्द सहसा धारवाडी पेढ्यांसाठी राखून ठेवत.

मुकुंदराव घरी चालत आले असं म्हणायचं एवढंच. प्रेमलाबाईनं पान वाढलं, भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. पण मुकुंदरावांनी पाटाशेजारी पट मांडला, आणि एका हातानं खात दुसऱ्या हातानं पहिल्या खेळीपासून डाव दाखवायला लागले. डाव त्यांच्या ध्यानात राहायचा, तेवढं एक कसब त्यांच्याकडे होतं. प्रेमलाबाई समोर उकिडवी बसून बघत होती.

"इथं माझी अगदी कोंडी झाली. हा त्यांचा उंट, हा हत्ती. मग मी काय केलं, बघ. राजा इथं."

"परत दाखवा."

त्यांनी परत दाखवलं.

"असा कसा गेला तो?"

"असा. इथून इथं. उडी..."

भाकरीचा घास हातातच राहिला. बाहेर गिरणीचा दुपारचा भोंगा झाला, तो संपेपर्यंत दोघंही पटाकडे बघत होते.

"उडी विलायतीत नाही," प्रेमलाबाई म्हणाली. आरोप नव्हता त्यात, पुस्तकात होतं तेवढं ती सांगत होती. ती देशी डाव कधी शिकलीच नव्हती. तिच्या दृष्टीनं राजा एकाएकी घोडा झाला होता. हॉलमध्ये मात्र एकूणएक माणूस तीच उडी बघत मोठा झालेला. ती इतकी ओळखीची, इतकी वेळेवर आलेली, की कुणाला खटकली नाही. आण्णांनाही नाही.

"पंच तेव्हा पलीकडच्या पटावर होते," मुकुंदराव म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "कुणी पाहिलं नाही."

"सगळ्यांनी पाहिलं की. कुणाला दिसलं नाही, एवढंच."

मुकुंदरावांनी घास खाल्ला. अकरा वर्षांत पहिल्यांदा आण्णांना हरवलं होतं. उद्या नाही, परवा रविवार. आण्णांनी हात जोडले होते, छलो म्हणाले होते, आता हत्ती ताग्यावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तर ते गेले तीन महिने शिकतच होते.

"ताक वाढू?" प्रेमलाबाईनं विचारलं.

"आता परवा ते हत्ती ठेवतील गं पटावर," ते पटाकडे बघत म्हणाले.

"ठेवतील की."

"आणि दर रविवारी मला तो दिसेल."

प्रेमलाबाईनं ताक वाढलं. त्यांनी ते उभ्याउभ्याच प्यायलं, टोपी घातली आणि निघाले.

पंचांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा मुकुंदरावांपेक्षा जास्त उतरला. कारण पंच ते होते. "डाव संपलेला आहे," ते म्हणाले. "आता निकाल बदलता येत नाही. दोघंही राजी असाल, तरच त्या खेळीपासून पुन्हा खेळवीन. पण मग राजाला हात लागलेला आहे. राजाच हलवावा लागेल, एक घर, नियमानं."

आण्णा वाचनालयाच्या ओट्यावर पान लावत बसले होते. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी चुना लावायचा थांबवला.

"मला बी दिसलं न्हाय की," ते म्हणाले. मग पोट हलेपर्यंत हसले. "आख्ख्या सोलापूरला दिसलं न्हाय. कुणाला दिसलं?"

"घरी," मुकुंदराव म्हणाले.

"असं." आण्णांनी पान तोंडात टाकलं. "चला. मी राजी हाय. पण सांगून ठेवतो, सोडणार न्हाय."

"सोडू नका."

राजा एक घर सरकला, तोही अडचणीतच. आण्णांनी खरोखर सोडलं नाही. पहिल्या अर्ध्या तासात मुकुंदरावांची दोन प्यादी गेली. तेवढ्यात त्यांच्या वजिराला शह द्यायची जागा मिळाली, उघडी, आयती. दोरीपलीकडे धुळाप्पाला खोकला आला. खोकल्याला पंच काय करणार? मुकुंदरावांचा हात वजिराकडे गेला आणि बोटभर अंतरावर थांबला. कशाला? या शहानं आण्णांचा राजा एक घर बाजूला होईल, आणि ते घर त्याला हवंच आहे. हात मागं आला. त्यांनी वजीर शहाच्या घरी न नेता दूरच्या, कंटाळवाण्या घरी नेऊन ठेवला. धुळाप्पाचा खोकला एकदम बरा झाला, इतकी त्याची निराशा झाली.

आण्णांनी मात्र मान वर केली. शह येणार आणि आपला राजा सरकणार हे धरून त्यांनी पुढचं सगळं बेतलं होतं. ते बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी एक हत्ती मुकुंदरावांच्या राजाच्या अंगावर घातला. मात एका खेळीवर आली होती. दोरीपलीकडच्यांनाही ते दिसत होतं, या वेळी.

मुकुंदरावांनी पटाकडे पाहिलं, आणि त्यांना स्वतःशीच हसू आलं. त्या कंटाळवाण्या घरातून आता वजिराला रस्ता मोकळा झाला होता. त्यांनी वजीर उचलला, न आपटता ठेवला, आणि शेजारच्याला ऐकू जाईल इतपत म्हणाले, "शह."

आण्णांचा राजा कोपऱ्यात गेला. वजीर पलीकडून आला. "शह." राजा परत आला. वजीरही परत आला. "शह." आण्णांना दुसरं घर नव्हतं. मुकुंदराव थांबले असते तर हरले असते, आणि थांबायचं त्यांना काही कारण नव्हतं. वजीर इकडून तिकडे, राजा तिकडून इकडे. अकरा वर्षांत दिलेल्या सगळ्या शहांत हे पहिले होते, ज्यांतल्या एकेकाचं कारण त्यांना विचारलं तर सांगता आलं असतं.

पंच जवळ आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे असं संपायचं नाही. बरोबरी."

आण्णांनी पट अजून थोडा वेळ न्याहाळला. "असले शह कुटं ठेवले होते इतकी वर्षं?"

"ठेवले कुठले, आण्णा. वाटत फिरत होतो."

दोरीपलीकडे धुळाप्पानं पंचांची परवानगी न घेता मांडीवर एक थाप मारली. एकच.

रविवारी मुकुंदराव माडीचा जिना नेहमीपेक्षा हळू चढले. आण्णांनी पट मांडला. मोहरे लावले, सगळे, जागच्या जागी. मग त्यांचा हात सवयीनं उजव्या हत्तीकडे गेला. त्यांनी तो उचललासुद्धा. मुकुंदराव खिडकीबाहेर बघत होते, रस्त्यावर एक टांगा उभा होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

आण्णांनी हत्ती उपरण्यानं पुसला. त्याच्यावर ताग्यावरची कापसाची धूळ बसली होती. मग तो कोपऱ्यातल्या घरात ठेवून बोटानं जरा सरळ केला.

"देशी का विलायती?" त्यांनी विचारलं.

"तुमी म्हणाल तसं," मुकुंदराव म्हणाले. आण्णांचं बोलणं त्यांच्या तोंडी कसं आलं ते त्यांनाच कळलं नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा प्रेमलाबाई दिवा पुसत होती. त्यांनी टोपी खुंटीला लावली, हात धुतले, पुन्हा एकदा धुतले.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"हरलो," मुकुंदराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून शेजाऱ्यांना वाटलं असतं, नाक्यावर बढती मिळाली. "सपाटून हरलो. दोन्ही हत्तींनी मिळून मारलं."